बट नंबर एकसष्ट

फिनिक्स, २४ ऑगस्ट २०२५

ती. रीनाताईस,
भुपेंद्रचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कागदावर लिहायचं, मग त्याचा फोटो काढून फोनवर पाठवायचा, ही तुझी तऱ्हा पाहून रेणू खूप हसली. पण तुझंही खरं आहे. फोनवर दोन शब्द बोलावे तर बाबा शेजारच्या खाटेवरून "काय म्हणते? काय म्हणते तो?" करत राहतात. म्हणून मीही आता लिहिणार आहे, आणि तू ते स्वतःच वाच, त्यांना वाचून दाखवू नकोस. कारण गंमत आहे.

पोळ्याचे फोटो पाहिले. गोठ्यात बैल उरले नाहीत म्हणून भाऊजींनी ट्रॅक्टरलाच झूल घातली आणि तू त्याला ओवाळलंस! बाबा मागे उभे दिसले. किती वाळले ग.

तर गंमत अशी. परवा ऑफिसातल्या एकाबरोबर इथल्या बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. मला त्यातलं काही कळत नाही, नुसता मागे मागे फिरत होतो. आणि भिंतीवर मला बाबांची कार्बाइन दिसली. शपथ घेऊन सांगतो, तीच. डाव्या अंगाला आडवं निघालेलं मॅगझीन, नळीवर भोकाभोकांचं आवरण, पोटाखाली घडी होणारा दस्ता, म्हणजे बट. दुकानदार म्हणाला, ही इंग्रजांच्या जुन्या स्टर्लिंगवरून बनवलेली आहे. म्हटलं, मला नको सांगू, माझ्या बापाने आयुष्यभर हीच खांद्याला लावली. इथल्या कायद्यामुळे हिला चाप ओढला की एकच गोळी सुटते आणि नळी पुढे वीतभर लांब ठेवावी लागते. बाकी हुबेहूब. हातात घेतली तर अंगावर काटा आला.

घ्यावी म्हणतो. वापरायला नाही ग, नुसती ठेवायला. नाकाडोंगरीच्या पोलीस चौकीसमोरचा बाबांचा तो फोटो माझ्या बैठकीत आहे, त्याच्याखाली. दसऱ्याला पूजा करून बाबांना दाखवीन. केवढे खूश होतील! तू फक्त एवढं कर, त्यांच्या कार्बाइनच्या बटावर रंगवलेला असायचा तो बट नंबर काय होता ते हळूच विचारून कळव. मी तोच रंगवून घेईन.

तुझा
भुपू

---

आंधळगाव, ३० ऑगस्ट

चि. भुपेंद्र,
अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी जत्रेतून टिकल्यांची पिस्तूल आणलीस तेव्हाही असाच उड्या मारत आला होतास, आणि दुसऱ्या दिवशी ती विहिरीत पडली म्हणून आईच्या पदराआड रडलास. तुझं वय एकेचाळीस झालं, पण तू काही बदलला नाहीस.

बंदूक घेऊ नकोस. तुमच्याकडच्या बातम्या आम्हीही पाहतो. कधी शाळेत, कधी बाजारात, कुणीतरी उठतो आणि गोळ्या घालतो. अशा मुलखात घरात बंदूक हवी कशाला? पूजा करायची असेल तर कर, पण घरात विळी आहे, कात्री आहे, रेणूला एखादा चांगला पाटा-वरवंटा घेऊन दे.

बाबांची तब्येत ठीक आहे. वय आहे, तेव्हा थोडंफार विसरायचंच. संध्याकाळी जरा बेचैन होतात, दिवा लागला की बरे होतात. जेवण व्यवस्थित आहे. त्यांना नोकरीतल्या गोष्टींची आठवण करून देऊ नकोस. जुनं झालं ते सगळं. बट नंबर विचारायची गरज नाही.

इतकी हौस आली असेल तर ती बंदूक तिथेच राहू दे आणि दिवाळीला तू ये. हलक्या धानाची कापणी तेव्हाच निघेल. शेतात बांधीच्या पाळीवर बसून भाऊजींशी राजकारणावर भांड. आई गेल्यापासून तू आलेला नाहीस.

तुझी
ताई

---

फिनिक्स, ७ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

तू रागावलीस वाटतं. अग, मी अजून घेतलेली नाही, फक्त विचार चालू आहे. आणि दिवाळीचं म्हणशील तर नवी नोकरी लागून चार महिने झालेत, आत्ताच रजा मागितली तर साहेब तोंड वाकडं करेल. उन्हाळ्यात नक्की येतो.

पण मला एक कळत नाही. आठवण करून देऊ नकोस असं तू म्हणतेस, आणि परवाच मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. तू बहुतेक अंगणात होतीस. भाऊजींनी फोन त्यांच्या हातात दिला. मी म्हटलं, बाबा कसे आहात? तर एकदम पुढे वाकले आणि म्हणाले, "माही कार्बाइन कुठी आहे? पाहिली काय तू?" ताई, काय डोळे होते त्यांचे! कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं जागं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, सापडेल बाबा, लवकरच सापडेल. तर माझ्याकडे बघतच राहिले.

तुला त्यांची सवय झाली आहे म्हणून दिसत नसेल. त्यांना तिची ओढ लागली आहे. ज्या माणसाने वीस वर्षं कार्बाइन खांद्यावर वागवली, शेवटची दोन वर्षं भंडाऱ्याला कोतावर, त्या हत्यारांच्या कोठारावर काढली, त्याच्या हातात आता काय आहे? टीव्हीचा रिमोट.

तुला तो दसरा आठवतो का? मी तिसरीत असेन. बाबा आपल्याला मुख्यालयात शस्त्रपूजेला घेऊन गेले होते. सतरंजीवर सगळ्या बंदुका ओळीने मांडलेल्या, झेंडूची फुलं, हळदीकुंकू. बाबांनी माझा हात धरून त्यांच्या कार्बाइनवर कुंकू लावायला लावलं. मी बोट तसंच ठेवलं होतं, उचलवतच नव्हतं. बाबा ओरडले, "हात काढ!" पण तो त्यांचा अभिमान होता. मी वर्गात महिनाभर सांगत होतो.

तू उगाच काळजी करतेस.

तुझा
भुपू

---

फिनिक्स, २५ सप्टेंबर

ती. रीनाताईंना,
रेणूचा सा. नमस्कार.

तुमच्यासारखंच कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. यांना मी लिहिल्याचं सांगू नका, एवढी एक विनंती.

ताई, हे तुम्हाला सांगतात की विचार चालू आहे. ती घरात येऊन दोन आठवडे झाले. कपाटात, माझ्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात, कुलूप लावलेल्या लांब पेटीत आहे. किल्ली यांच्या खिशात. गोळ्या आणलेल्या नाहीत असं म्हणतात, आणि मी विश्वास ठेवते. तरी मला त्या कपाटाजवळ जाववत नाही. तेव्हापासून मी ऑफिसला पंजाबी ड्रेसच घालते.

सुरुवातीला मी भांडले. मग लक्षात आलं की हे त्या पेटीपाशी बसून बाबांशी बोलतात. म्हणजे मोठ्याने नाही, पण ओठ हलतात. आईंच्या वेळी यांना पोचता आलं नाही ते यांच्या मनातून जात नाही. विमानात असतानाच सगळं झालं होतं. त्याबद्दल एक अक्षर काढत नाहीत. मला वाटतं, बाबांसाठी काहीतरी केलं असं यांना स्वतःला दाखवायचं आहे, आणि सापडलं ते हे.

मी नागपूरची. आमच्या घरात कुणी चाकूसुद्धा उघडा ठेवत नसे. मला फार भीती वाटते. तुमचं हे ऐकतात, काहीतरी लिहा. आणि बाबांना खरंच त्या बंदुकीची इतकी आवड आहे का, तेही मला कळवा.

आपली
रेणू

---

आंधळगाव, २९ सप्टेंबर

चि. भुपेंद्र,
आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. नवरात्रात शाळेतल्या नोकरीचं आणि घरचं मिळून जीव मेटाकुटीला येतो. परवा मला स्वप्न पडलं की तू ती बंदूक घेतलीस आणि रेणूच्या साड्यांखाली ठेवलीस. माझी स्वप्नं खरी होतात हे तुला ठाऊक आहे. तसं असेल तर परत देऊन ये. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

आणि दसऱ्याला बाबांना काही दाखवू नकोस. का ते मी नंतर सांगेन. मी कुणाला तरी शब्द दिला आहे, म्हणून आत्ता लिहीत नाही. बाबा बरे आहेत. नुसतं एवढं ऐक.

तुझी
ताई

---

फिनिक्स, ३ ऑक्टोबर

ती. ताईस,

काल दसऱ्याच्या सकाळी, म्हणजे तुमच्या संध्याकाळी, मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. भाऊजींनी लगेच अंगठा दिला, हात जोडले, आणि मग सगळं गप्प. तुला सहा फोन केले. भाऊजींना चार. एकदा त्यांनी उचलला आणि "नंतर बोलतो" म्हणून ठेवला. मागे बरीच माणसं बोलत होती.

हो, घेतली. स्वप्नाचं तुझं नाटक मला कळलं, रेणूशी मी बोललो आहे, तिच्यावर रागावलेलो नाही. तू नको म्हणालीस ते ग्रुपवरही टाकू नको असं मला वाटलं नाही. मला वाटलं फोन करून दाखवू नको. म्हणजे खरं सांगायचं तर मी तसं वाटून घेतलं. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती आणली, पाटावर मांडली, हळदीकुंकू लावलं. मी मागे उभा राहिलो, बाबा त्या फोटोत उभे आहेत तसा.

बाबांनी पाहिला का? काय म्हणाले? नुसतं "बरे आहेत" एवढं तरी लिही. इथे रात्रीपासून मला काही सुचत नाही.

भुपू

---

आंधळगाव, ६ ऑक्टोबर

भुपेंद्र,

बाबा जिवंत आहेत. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

आता सगळं सांगते. बाबांना विसरायला होतं ते "थोडंफार" नाही. दीड वर्ष झालं. आपलं आंबागडचं घर बंद करून त्यांना इकडे आणलं ते आई गेल्यामुळे एकटे पडले म्हणून, असं मी तुला सांगितलं होतं. खरं म्हणजे ते किल्ल्याखालच्या जंगलात वाट चुकले होते. तुला कळवू नये असं त्यांनीच मला बजावलं. एका सकाळी पूर्ण शुद्धीवर होते, माझा हात धरून म्हणाले, "भुपूले नको सांगू. पोट्टा काम सोडून येईन." मी त्यांना शब्द दिला. शब्द पाळला, आणि त्याचं काय झालं ते बघ.

रोज सूर्य कलला की ते उठतात आणि कार्बाइन शोधू लागतात. खाटेखाली, तांदळाच्या कणगीमागे, माझ्या कपाटात. "रीना, माही कार्बाइन दिसून नाही राहिली. कोतात जमा कराची आहे. साहेब वाट पाहून राहिले असन." घाम फुटतो, तरी शोधणं थांबत नाही. तू फोनवर पाहिलेस ते डोळे हेच. तुला ती ओढ वाटली. भुपू, ती भीती होती.

तू मुलगा होतास, तुला त्यांनी खांद्यावरची कार्बाइन दाखवली. मी मोठी, मी आईजवळ बसून ऐकायची. नाकाडोंगरीच्या चौकीवर त्यांच्याबरोबरच्या एका शिपायाची कार्बाइन हरवली होती. तो निलंबित झाला, कोर्टात गेला, गावात तोंड दाखवेना, शेवटी घर विकून कुठे गेला कुणाला माहीत नाही. तेव्हापासून बाबा झोपताना तिचा पट्टा मनगटाला गुंडाळायचे. आई म्हणायची, "लग्नात माहा हात एवढा घट्ट नव्हता धरला यानं." सुटीवर आले तरी दचकून उठून कोपरे चाचपायचे. त्या शस्त्रपूजेच्या दिवशी तुझ्यावर ओरडले तो अभिमान नव्हता. तुझं बोट तिच्यावर पाहून ते घाबरले होते.

दसऱ्याला मी सोनं वाटायला शेजारी गेले होते. तुझ्या भाऊजींना वाटलं, रोज शोधतात ती दिसली की शांत होतील. कौतुकाने फोटो मोठा करून बाबांपुढे धरला, "पाहा बाबा, कार्बाइन!" बाबांनी ती लगेच ओळखली. मग तुझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हा कोन आहे?" हे म्हणाले, तुमचा भुपू. तर म्हणतात, "नोहे. भुपू लहान आहे. यानं माही कार्बाइन नेली."

त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी खाट रिकामी होती. सगळं गाव शोधलं. मासे धरायला गेलेल्या श्रावणभाऊंना ते गावतलावात दिसले, छातीइतक्या पाण्यात, हातात बांबू, गाळ ढोसत होते. बाहेर काढू देईनात. "पान्यात फेकली असन त्यानं. थांब, थांब, लागली हाताला." श्रावणभाऊंनी अक्षरशः खांद्यावर घेऊन आणलं. दोन दिवस भंडाऱ्याला दवाखान्यात होते. ताप उतरला, काल घरी आणलं.

पण खात नाहीत. ताट समोर ठेवलं की हात मागे घेतात. "जमा केल्याबिगर जेवन कसं?" चहा तेवढा घेतात, तोही मी रडले की. डॉक्टर म्हणतात, अशा अंगाला चार दिवस पोटात काही गेलं नाही तर पुढचं सांगता येत नाही.

मला तुझा राग आला आहे. माझाही आला आहे. पण आता राग करत बसायला वेळ नाही. तू ती हौसेने घेतलीस, पण ती इकडे आणता येत नाही आणि तुलाही येता येत नाही. मग आता मी त्यांच्या हातात काय देऊ?

ताई

---

फिनिक्स, ६ ऑक्टोबर

ताई,

पत्र वाचलं. तीनदा वाचलं. रेणूला वाचून दाखवताना अर्ध्यात थांबलो, पुढचं तिने वाचलं.

मी येतो आहे. साहेबाचं तोंड वाकडं होवो नाहीतर सरळ. तिकिटं दिवाळीमुळे भरलेली आहेत, अठराला नागपूरला पोचतो, त्याआधीचं काहीही मिळालं तरी घेईन. पण अठरापर्यंत त्यांनी उपाशी कसं राहायचं? आईच्या वेळी मी वाटेतच होतो. आता पुन्हा तसं होऊ नये, एवढंच डोक्यात फिरतं आहे.

एक सुचतं. वेडेपणा वाटला तर सांग. ती माझ्याकडे आहे ना? मग मीच ती जमा करतो. फोनवर, त्यांच्यासमोर. ते शोधतात ती वेळ म्हणजे इथली पहाट. मला बट नंबर सांग, मी आजच रंगवतो. आणि मी काय बोलायचं ते सांग.

भुपू

---

आंधळगाव, ७ ऑक्टोबर

भुपू,

मलाही वेडेपणाच वाटतो. पण कालपासून ते चहाही नाही म्हणतात, तेव्हा करू.

बट नंबर एकसष्ट. पांढऱ्या रंगात. आई रोज देवाजवळ दिवा लावताना आपल्या दोघांची नावं घ्यायची आणि शेवटी हळूच "एकसष्ट" म्हणायची, म्हणून मला माहीत.

हळदीकुंकू पुसून टाक. खाकी सदरा असेल तर घाल. मिशी राहू दे. बाबा म्हणू नकोस, साहेब म्हण. नळीचं पुढचं टोक दिसू देऊ नकोस, ते लांब आहे असं तू लिहिलं होतंस. आणि रडू नकोस. रडणाऱ्या शिपायावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

उद्या, इकडच्या संध्याकाळी सहाला. मी फोन तांब्याला टेकवून ठेवीन.

ताई

---

आंधळगाव, ९ ऑक्टोबर

चि. भुपू,
खूप खूप आशीर्वाद.

जेवले. आधी तेच लिहिते. काल तू फोन ठेवल्यावर भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण, दोनदा मागून घेतलं. वर मलाच म्हणाले, "एवढा वेळ काहून लावला वाढाले? मले उपाशी माराचं होतं काय?" मी हसत होते आणि डोळ्यांना पदर लावत होते. आज सकाळी पेजही घेतली. खोकला आहे, पण डॉक्टर म्हणाले, आता घाबरू नका.

मला मधलं काही समजलं नाही, तू सांग. सहाला त्यांना नवा सदरा घातला, समोर बसवलं. तू दिसलास. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होणार. तू बट नंबर दाखवलास, "एकसष्ट नंबर जमा करायला आणली, साहेब" म्हणालास, छान म्हणालास. आणि त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, "पुढून दाखव" म्हणाले. तू जरा हललास आणि ती मेली लांब नळी दिसली. "ही माही नाही!" म्हणाले. वाटलं, संपलं. आता हे पुन्हा तलावाकडे धावणार. तूही पांढरा पडला होतास.

पण मग त्यांचा आवाज बदलला. भुपू, तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पाठ ताठ झाली. "कोनाची आहे ही? तू कोन?" तू म्हणालास, "जवान, साहेब." तर म्हणाले, "मंग उभा काहून आहेस लेका? दुसऱ्याची वस्तू घेऊन फिरून राहिला. जमा कर. जाँच शस्त्र!" बंदूक रिकामी आहे ना ते तपासायचा तो हुकूम. ते शोधायचं विसरून कोतावर जाऊन बसले होते. माझी त्यांच्यासमोर उभी राहायची छाती झाली नाही. "मॅगझीन काढ. बोल्ट मागं घे. खाली आहे काय? मले दाखव. बोट घालून दाखव." तू चुकलास तेव्हा केवढे ओरडले! "बोट चापावरून काढ!" मी तिथून स्वयंपाकघरात पळाले, कुकर लावायला. जमा झाली की लगेच वाढायचं म्हणून.

परत आले तर फोन काळा झाला होता आणि बाबा पाटावर बसून ताटाची वाट पाहत होते. मी घाबरत विचारलं, बाबा, तुमची कार्बाइन? तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच विसरभोळी आहे. "माही तं मी सकाळीच जमा केली."

काल जेवल्यानंतर आणि आज संध्याकाळी त्यांनी शोधलं नाही. उद्याचं मला माहीत नाही. दिवस मावळायला लागला की मी अजून दाराला कडी घालते.

मी आत गेल्यावर काय बोलले ते? तू फोन एकदम का ठेवलास? मी पुन्हा लावला तर रेणूने उचलला, म्हणाली, ते अंगणात जाऊन बसले आहेत, नंतर बोलतील.

तुझी
ताई

---

फिनिक्स, ११ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार.

जेवले हे वाचलं आणि रेणूने देवाला साखर ठेवली.

काल ती दुकानात परत देऊन आलो. दुकानदाराने विचारलं, महिनाभरात मन का बदललं? मी म्हटलं, जमा करायची होती. त्याला काही कळलं नाही. बटावरचा एकसष्ट मी आधीच घासून काढला होता. रेणूने कपाट पुसलं आणि आज साडी नेसून ऑफिसला गेली.

तू विचारलंस ते सांगतो. इतरांना सांगू नकोस.

तू आत गेलीस तेव्हा मी ती टेबलावर ठेवली होती, त्यांनी सांगितलं तशी, तोंड भिंतीकडे करून. म्हणाले, "जमा." मग जरा सैल बसले. मला निरखून पाहत होते. मला वाटलं, आता ओळखतील. मी तसाच ताठ उभा होतो.

म्हणाले, "नाव काय तुह्यं?"

मी म्हटलं, "भुपेंद्र, साहेब."

ते हसले, ताई. आई होती तेव्हा हसायचे तसे. म्हणाले, "माह्या पोराचंही नाव भुपेंद्रच आहे. लय हुशार. त्याले शिकवलं मी. ह्या लोखंडाले हात लावू नाही देला. आता अमेरिकेत असते तो." मग माझ्या खाकी सदऱ्याकडे पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. "तुह्या बापानं नाही शिकवलं काय तुले?"

मी म्हटलं, "शिकवलं, साहेब."

"मंग कायले आला ह्या कामात?"

मी टेबलावरचं मॅगझीन उगाच सरळ केलं. तू सांगितलं होतंस रडू नकोस, मी रडलो नाही. ते आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "जाऊ दे. ड्यूटी झाली तुही. घरी जाय आता. बाप वाट पाहत असन."

मी "हो साहेब" म्हणालो आणि फोन ठेवला. आणखी एक क्षणही मला तिथे उभं राहवलं नसतं.

अठराला सकाळी नागपूरला उतरतो. रेणूही येते आहे. भाऊजींना विमानतळावर वगैरे बोलावू नकोस, गाडी करून थेट येतो. बाबांनी मला ओळखलं नाही तरी चालेल, मी महिनाभर त्यांच्या खाटेशेजारी झोपणार आहे. फक्त एक लक्षात ठेव. त्या दिवशी कार्बाइन घेऊन उभा होता तो शिपाई मीच, हे त्यांना कधी सांगू नकोस.

तुझा
भुपू